वळसंगपासून पुढे

दुपारी झोपून घे, असं राजेश्वरीनं बजावलंय.
पडदे ओढले, फोन पालथा घातला,
तरी शेजारच्या शेडमधले माग चालूच,
खटक-खट, खटक-खट,
आणि पांघरुणाखाली माझे पाय त्यांच्या तालाला लागलेले.
उठलेच मग.

बटाटे उकडले, सोलून मिठात घोळवले.
शेंगाचटणी नको म्हणाली, घशाशी येते;
तरी एक पुडी घेतली, माझ्यासाठी.
टर्किश टॉवेलचे चार तुकडे केले,
व्हॅसलीन, सेफ्टी पिना, मोज्यांचे दोन जोड,
डोक्याला बांधायचा दिवा.
स्वयंपाकघरात अंधार करून तो लावून पाहिला.
बघावं तिथेच तेवढा उजेड.
फडताळाच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली होती,
एरवी ती मला दिसली नसती.

ती पाचला सुटेल,
अक्कलकोटहून परत फिरेल,
आणि रात्री दोनच्या सुमाराला वळसंगच्या फाट्यावर
मी उभी असेन.
पुढचे बावीस किलोमीटर माझे.
माझे म्हणजे तिचेच.
मी नुसती शेजारी.

नियम तिनं वहीच्या पानावर लिहून दिलेत,
बँकेतल्या कॅशियरच्या अक्षरात, खाली दुहेरी रेघ:
पुढे पळायचं नाही. अर्धं पाऊल मागे, ट्रकांच्या बाजूला.
किती राहिलं, विचारलं तरी सांगायचं नाही.
थांबते म्हणाले तर ऐकायचं नाही.
दोनदा उलटी झाली तर ऐकायचं.
छान चाललीयस म्हणायचं नाही. खोटं कळतं मला.

सिव्हिलमध्ये एकवीस वर्षं रात्रपाळ्या केल्या मी.
पहाटे तीनला माणसाचं काय होतं ते ठाऊक आहे.
सलाईन उपटून 'घरी सोडा' म्हणणारे
तीनलाच म्हणतात,
सहाला चहा मागतात.
म्हणून तिनं मला धरलं, वेगासाठी नाही.
माझा वेग बघून कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात.

गेल्या रविवारी रात्री दोघी कुंभारीपर्यंत जाऊन आलो.
उसाच्या जोडट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही,
दोन्ही अंगांना ज्वारी, कणसं भरत आलेली,
आणि माघाची थंडी कानाच्या पाळ्यांत.
ढाब्यावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं,
कोण वारलं का बाई, एवढ्या रात्री?
'नाही,' ती म्हणाली, 'तयारी चाललीय.'
त्याचं समाधान झालं नाही.

बोलायला काय काय साठवून ठेवलंय:
नकली दात शेजारच्याच्या पेल्यात ठेवणारा मुकादम,
सात रस्त्याजवळच्या गिरणीतलं पिठावरून झालेलं भांडण,
आणि तिच्या आईचा एक तेलुगू शब्द.
विड्यांची पानं कापता कापता
म्हातारी पोरींच्या पाठीवर थापटायची: नडु, नडु.
चाल, चाल.
तो शेवटी वापरायचा. एकदाच.

आणि एक गोष्ट महिनाभर सांगितलेली नाही.
बदलीची ऑर्डर आलीय. लातूर. एक तारखेपासून.
आधी वाटलं, सगळं झाल्यावर सांगू,
ती मिठाच्या पाण्यात पाय घालून बसली की.
मग वाटलं, कुंभारीच्या पुढे,
जिथे ती डांबरावर बसकण मारेल,
तिथेच सांगावं.
चिडेल. तेलुगूत शिव्या घालेल.
रागाच्या जोरावर माणूस तीन किलोमीटर सहज जातं;
उठता न येणारे पेशंट मी
नुसत्या रागानं वॉर्डभर चालताना पाहिलेत.

पण तीन किलोमीटर संपल्यावर?
त्याबद्दल वहीच्या पानावर काही नाही.

साडेचार झाले.
ती आता नाड्यांना दुसरी गाठ मारत असेल.
माझ्या बुटांत अजून वर्तमानपत्राचे बोळे.
पिशवीची चेन लावली, उघडली,
ऑर्डरचा कागद काढून फ्रीजवर ठेवला,
मग घडी घालून परत आत,
बटाट्यांच्या डब्याखाली.